हिरव्या शाईचं दुसरं पान

१

‘भेटायची जागा सांगते. पण त्याआधी, आजी, तुम्हाला एक गोष्ट माहीत असायला हवी.’ इथं पहिलं पान संपलं होतं, आणि दुसरं पान पाकिटात नव्हतं.

रंगूबाईंनी पाकीट उलटं करून झटकलं. आत दोन बोटं घालून पाहिलं. मग कापडी पिशवीतलं एकेक सामान सतरंजीवर काढून ठेवलं. चष्म्याचं घर, बीपीच्या गोळ्या, फुलांच्या पुड्या बांधायचा दोरा. पान नव्हतं.

“दोन व्हती,” त्या म्हणाल्या. “पह्यलं निळ्या शाईचं, दुसरं हिरव्या. टपाल आलं त्या दिवशी मी मोजली.”

छायानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. गुरुवार, अठरा डिसेंबर. पत्रात लिहिलं होतं की एकवीस तारखेला, रविवारी, मम्मा आणि मी तुमच्या जिल्ह्यात येतोय, पण ‘ब्रीफली’. सकाळी येणार आणि दुपारच्या जेवणाआधीच पुण्याकडे परत निघणार. त्या एका शब्दाशी तिघी बायका पाव तास झटल्या होत्या. सकाळी यायचं नि जेवायलाही थांबायचं नाही, म्हणजे उभ्या उभ्या, असं शेवटी रंगूबाईंनीच काढलं. शब्दाचं शेपूट ‘स्लोली’, ‘क्विकली’सारखं, तेही त्यांनीच ओळखलं. अंदाज बरोबर निघाला म्हणून त्या हसल्या, आणि मग आपण काय वाचलं ते त्यांच्या ध्यानात आलं. तीन वर्षांची असताना शेवटची पाहिलेली नात आता अकरा वर्षांची होती, आणि तीन दिवसांनी येणार होती. कुठं, ते हिरव्या शाईत होतं.

विचारायचं तरी कुणाला? रंगूबाईंची लेक हर्षाली आयर्लंडला. चार वर्षांपूर्वी वडील गेले तेव्हापासून तिनं माहेराशी बोलणं तोडलं होतं, फोन नंबरही बदलला होता. तिच्या मुलीला, वैष्णवीला, आईच्या जुन्या कागदांत आजीचा पत्ता सापडला, आणि शाळेतल्या ग्रंथपालबाईंच्या मदतीनं ती आईच्या नकळत पत्रं पाठवायला लागली. उत्तर पोचायला तीन आठवडे लागत. पोरीला मराठी लिहिता येत नव्हतं. म्हणून सहासष्टाव्या वर्षी, शेवंतीचे वाफे सांभाळून, रंगूबाई इंग्रजी शिकत होत्या.

“कुणी घेतलं आसंल, बाई?” त्यांनी विचारलं. आवाज इतका लहान होता, की छायाला क्षणभर त्यांच्याकडे बघवेना.

२

छाया एकतीस वर्षं माती-पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत होती. निवृत्त झाल्यावर नाशिकच्या मखमलाबाद नाक्याजवळच्या घरात तिनं दर गुरुवारी हा वर्ग सुरू केला. विद्यार्थिनी तीन. फुलं पिकवणाऱ्या रंगूबाई, त्यांच्या शेजारच्या मळ्यात भाजी करणाऱ्या नवसाबाई, आणि औषधाच्या दुकानात कामाला असलेली तिशीतली राखी.

वर्गाचे नियम प्रयोगशाळेतलेच होते. डिक्शनरी नाही, मोबाइल नाही. शब्द अडला की त्याच्या अलीकडचं-पलीकडचं वाचायचं आणि अंदाज आपल्या वहीत पेन्सिलीनं लिहायचा. तोच शब्द पुन्हा दुसऱ्या ठिकाणी भेटला आणि अंदाज तिथंही टिकला, तरच त्यावर पेन फिरवायचं. नवा शब्द कुठल्या तारखेला, कुठून आला, ते छाया आपल्या नोंदवहीत टिपायची. वह्या तिच्याच कपाटात राहायच्या.

आजची सुरुवात हसण्यातच झाली होती. राखीनं दुकानातून खोकल्याच्या औषधाचं माहितीपत्रक आणलं होतं. मूल औषध घ्यायला ‘रिलक्टंट’ असेल तर ते फळांच्या रसातून द्यावं, असं वाक्य होतं.

“थुंकणारं,” राखी म्हणाली होती. “माझा पुतण्या.”

“नको नको करणारं,” रंगूबाई म्हणाल्या.

नवसाबाईंनी मात्र वाक्य पुरतं व्हायच्या आतच सांगून टाकलं, “रुसलेलं!” वहीत लिहून टोपणसुद्धा लावलं.

“औषधावर कोण रुसतं गं, मावशी?” राखी हसत सुटली. “बाटलीची समजूत काढायची का आता?”

आता तिघींपैकी कुणीच हसत नव्हतं. नवसाबाई सतरंजीचा दोरा ओढत बसल्या होत्या. राखी म्हणाली, “सोमनाथदादानंच घेतलं असणार. बहिणीचं नाव काढलेलं चालत नाही त्याला.”

रंगूबाईंनी पिशवी मांडीवर घट्ट धरली. “माझ्या लेकाला चोर म्हनू नगंस.”

पण ‘नाही’ असं त्या म्हणाल्या नाहीत, हे छायाच्या ध्यानात राहिलं.

३

शुक्रवारी सकाळी छाया मळ्यावर गेली. सोमनाथची बायको स्नेहल क्रेटमध्ये ॲस्टर भरत होती. सासूची उत्तरं नवऱ्याच्या नकळत टपालात टाकायचं काम तिच्याकडे होतं.

“शनिवारी दोन्ही पानं होती, मॅडम,” ती म्हणाली. “फुलांवर पाणी मारताना आत्यांची पिशवी भिजत होती, म्हणून मी पाकीट प्लास्टिकमध्ये घातलं. उजेडात धरलं तर हिरवी शाई आरपार दिसत होती.”

“वाचलं नाहीस?”

“इच्छा झाली.” स्नेहल लाजली. “पण आत्या एका गुरुवारी बाराच ओळी वाचतात. पत्र लवकर संपू नये म्हणून. पहिल्या पानाच्या बारा गेल्या गुरुवारी झाल्या, बारा काल होणार होत्या. त्यांच्या आधी मी कसं वाचू? उष्टं केल्यासारखं वाटलं असतं.”

शनिवारनंतर पिशवी कुठं कुठं होती, तेही स्नेहलनं सांगितलं. रविवारी दिवसभर सोमनाथच्या टेम्पोत राहिली. सोमवारी राखीच्या दुकानात, रंगूबाई बीपी मोजायला आत गेल्या तेव्हा. बुधवारी गोदाकाठच्या बाजारात, रंगूबाईंच्या आणि नवसाबाईंच्या पथाऱ्यांच्या मध्ये.

इतक्यात सोमनाथ टेम्पोमागून पुढं आला. उंच, उन्हानं रापलेला, हातात पान्हा. त्यानं सगळं ऐकलं होतं हे उघड होतं.

“माझ्यावर संशय हाय ना, मॅडम?” तो म्हणाला. “बरोबरच हाय. लपवलं होतं मीच.”

स्नेहलच्या हातातली फुलं तशीच राहिली.

४

“पान नाय,” सोमनाथ पुढं म्हणाला. “बापाचं दुखणं. डॉक्टरनं आठ दिवस सांगितले होते. मी म्हणलो, हर्षी एवढ्या लांब हाय, उगाच जिवाला घोर कशाला लावायचा? बरं वाटल्यावर सांगू. बरं वाटलंच नाय. तिला फोन केला तो सगळं उरकल्यावर.” त्यानं पान्हा टेम्पोच्या फळीवर ठेवला. “ती एवढंच म्हणाली, ‘दादा, मला कळवायचं नाही हे तू कोण ठरवणार?’ त्यानंतर आवाज नाय ऐकला तिचा.”

“पत्रं येतात, हे तुम्हाला माहीत होतं?”

“काल रात्री आईनं जेवताना सांगितलं तेव्हा कळलं. आठ महिने! बायकोलासुद्धा ठाऊक.” त्यानं स्नेहलकडे पाहिलं, पण रागानं नाही. मग छायाला विचारलं, “पोरीचं अक्षर कसंय हो?”

“गोल. मोठं.”

“हर्षीचं पण तसंच व्हतं,” तो म्हणाला, आणि पान्हा उचलून पुन्हा टेम्पोमागं गेला.

परतताना छायानं विचार मांडून पाहिला. ज्याला पत्र लपवायचं असेल, तो पाकीटच नेईल. पहिलं पान मागं ठेवून त्याला काय मिळणार? ज्यानं दुसरं पान तेवढं नेलं, त्याला ते वाचायचं होतं. आणि ते पुढच्या गुरुवारपर्यंत कुणी उघडणार नाही, हेही त्याला माहीत होतं. बारा ओळींचा हिशोब जाणणारं माणूस. ते पान चोरलं नसेल. आठ दिवसांसाठी नेलं असेल.

म्हणजे स्नेहल, राखी नाहीतर नवसाबाई.

छायानं औषधाच्या दुकानात जाऊन विचारलं, तशी राखी काउंटरमागून तडकली. “बाई, मला वाचायचं असतं तर फोटो काढला असता! दोन सेकंदांचं काम. पान कशाला नेऊ?” मग तिचा आवाज उतरला. “रंगूमावशी फोन करून विचारत होत्या, नाशकात पुण्याच्या गाड्या थांबतात अशी ठिकाणं किती. मी सोळा मोजली. त्या म्हणाल्या, सोळा ठिकाणी एक म्हातारी कशी पुरंल?”

५

शनिवारी सकाळी छाया नोंदवही घेऊन बसली. घर शांत होतं. गुरुवार सोडला तर ते रोजच शांत असायचं. चहाचा एक कप, एक बशी. तिनं वर्ग सुरू झाल्यापासूनचे शब्द एकेक करून पाहिले. ती नेमकं काय शोधत होती, हे तिला पुरतं सांगता आलं नसतं. गुरुवारी वर्गात काहीतरी जागेवर नव्हतं, एवढंच जाणवत होतं. तपासलेल्या पाण्याचा रंग बरोबर असावा आणि आकडा चुकावा, तसं.

‘रिलक्टंट’पाशी ती थांबली.

औषधाच्या वाक्यातून राखीला ‘थुंकणारं’ सुचलं, रंगूबाईंना ‘नको नको करणारं’. दोन्ही अंदाज त्या वाक्यातून निघतात. ‘रुसलेलं’ निघत नाही. रुसायला समोर आपलं माणूस लागतं, आणि आधी काहीतरी घडलेलं असावं लागतं. बाटलीवर कुणी रुसत नाही. राखी हसली ते खरंच होतं. झाड एका मातीतून उपटून दुसरीकडे लावलं तरी मुळांना पहिली माती चिकटून येते. नवसाबाईंच्या शब्दाला कुठल्या तरी दुसऱ्या वाक्याची माती होती.

नोंदवहीत ‘रिलक्टंट’ हा शब्द गुरुवारच्या आधी कुठंच नव्हता.

छायानं कपाटातून नवसाबाईंची वही काढली. शेवटचं पान उघडलं. वरचे सगळे नवे शब्द नियमाप्रमाणे पेन्सिलीत, करडे. एकाच शब्दापुढचा अंदाज निळा, ठसठशीत. रुसलेलं.

नवसाबाईंनी थेट पेनानं लिहिलं होतं. नियम मोडला नव्हता त्यांनी, तंतोतंत पाळला होता. पेन दुसऱ्या भेटीला. त्यांना तो शब्द दुसऱ्यांदा भेटला होता.

६

नवसाबाई पाटाच्या कडेला मेथीच्या जुड्या बांधत होत्या. छायाला येताना पाहिलं आणि त्यांचे हात थांबले. काही विचारायची वेळच आली नाही. त्या उठल्या, झोपडीत गेल्या आणि देवाच्या फोटोमागून घडी केलेला कागद घेऊन आल्या. हिरवी शाई.

“बुधवारी ती च्या आणायला गेली तवा काढलं,” त्या खाली बसत म्हणाल्या. “गुरुवारी उघडायची नाय हे ठावं व्हतं. आठ दिस माझ्याकडं ठेवलं असतं, मंग गुपचूप घातलं असतं परत. रोज एक वळ वाचायची, आसं ठरवलं व्हतं. एकच झाली.”

“पहिल्या ओळीत काय होतं?”

“‘मम्मा तुमच्या घरी यायला रिलक्टंट हाय, आजोबा गेले तवा जे झालं त्याच्यामुळं.’ मी म्हणलं, म्हंजी रुसली. दुसऱ्याच दिवशी तोच शब्द औषधाच्या कागदावर! मला लय आनंद झाला, बाई. तोंडातून निघूनच गेलं.”

“पण रविवारचं कळल्यावर तरी...”

“तोंड उघडंना.” त्यांनी पदर डोळ्यांना लावला. “घरी येऊन सगळं वाचायला बसले. जागा तरी काढावी आन चिठ्ठीवर लिहून तिच्या दारात टाकावी. पण आक्षरं नुसती हालत व्हती. एका शब्दाचा अंदाज लागंना.”

छाया त्यांच्या शेजारी पाटाच्या कडेवर बसली. नवसाबाईंचा मुलगा कतारला क्रेन चालवतो, हे तिला माहीत होतं. वर्ग सुटला की सगळ्यांना त्याचे फोनवरचे निरोप ऐकवायच्या त्या. दहा सेकंदांचे. आई, बरा आहे. तू कशी. ठेवतो.

“बरा आसतो, चांगलंच हाय,” नवसाबाई जणू तेच ऐकून म्हणाल्या. “पण कानात आलं की गेलं. कागदावरचं ऱ्हातं. उशीखाली ठेवता येतं. रंगूची नात तिला कुत्र्याचं नाव लिहिती, दात पडल्याचं लिहिती. मला वाटलं, येक पान. आठ दिस. कुणाचं का आसंना.”

छायाला आठवलं, की टपाल खात्याचा माणूस फाटकाशी सायकल लावतो तेव्हा आपणही उगाच खिडकीशी जातो. ती म्हणाली, “चला. रंगूबाईंकडे जाऊ. मी बरोबर आहे.”

७

रंगूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. ऐकताना त्या नवसाबाईंकडे नाही, त्यांच्या हातातल्या कागदाकडे बघत होत्या.

“माझ्याकडं मागितलं आसतंस तर?” त्यांनी शेवटी विचारलं.

“दिलं आसतंस?”

“नसतं दिलं,” रंगूबाई म्हणाल्या आणि सरकून ओट्यावर जागा केली. “बस. चष्मा आन माझा, सोमा.”

सोमनाथ आणि स्नेहल मागं उभे राहिले. छायानं मनात सगळं वाचून टाकलं होतं. जागा तिला एका नजरेत कळली होती. सांगून टाकावी असं जिभेवर आलं. पण रंगूबाईंचं बोट ओळीवर फिरायला लागलं होतं, आणि त्या बोटाला घाई नव्हती.

“‘मम्मानं ड्रॉवरमधी एक फोटो ठेवलाय. त्यात ती माझ्यायेवढी हाय. पायरीवर बसून पेरू खातीय. मागं दगडाचं...’ हे काय, टँक?”

“टाकी नसंल,” नवसाबाई पुटपुटल्या. “टाकीला पायऱ्या नसत्यात.”

“पायऱ्यांचं दगडी तळं. ‘तिथं पिलग्रिम्स...’ हे नाय ठाऊक. ‘...पिलग्रिम्स पाण्यात इमर्स व्हत्यात.’ हे बी नाय.”

“दोन शब्द एकदम अडले की काय करायचं?” छायानं विचारलं.

“पुढं वाचायचं.” रंगूबाईंनी ओठ ओले केले. “‘ते डोक्यापासून भिजून थंडीनं कुडकुडत बाहेर येत्यात.’ म्हंजी बुडी मारत्यात! इमर्स म्हंजी बुडी.”

“आन बुडी मारायला लांबून येणारे, यात्रेकरू,” नवसाबाई म्हणाल्या.

“‘मम्मा म्हणते, नदी तिथून निघती. मला ते बघायचंय आसं मी सोंग करीन. अकरा वाजता.’”

यात्रेकरू डोकं बुडवतात असं पायऱ्यांचं दगडी तळं, आणि नदी तिथून निघते. नाशिकच्या माणसाला पुढं वाचायची गरजच नव्हती.

“कुशावर्त,” सोमनाथ म्हणाला. “हर्षीला पेरू मीच घेऊन दिला व्हता.”

८

रविवारी कुंभाच्या कामांनी खणलेल्या रस्त्यावरून टेम्पो हळूहळू त्र्यंबकला पोचला. सोमनाथ गाडीतून उतरला नाही. “मला बघून ती खाली यायची नाय,” म्हणाला. स्नेहल त्याच्याजवळ थांबली.

कुंडावर थंडी होती. ओल्या धोतरांची माणसं दात वाजवत पायऱ्या चढत होती. रंगूबाई पाण्यालगतच्या पायरीवर उभ्या होत्या, नवं लुगडं, मुठीत चार इंग्रजी वाक्यं लिहिलेला कागद. छाया आणि नवसाबाई खांबाशी. अकरा वाजले. सव्वाअकरा झाले. नवसाबाईंनी छायाचा दंड धरला होता आणि सोडला नव्हता.

निळ्या जॅकेटमधली एक मुलगी पायऱ्या उतरत आली. पाच बायका ओलांडून सरळ रंगूबाईंपाशी थांबली. दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. कागद उघडलाच गेला नाही. मुलीनं रंगूबाईंच्या लुगड्याचा काठ हळूच चिमटीत धरला, कापड खरं आहे का पाहावं तसा, आणि काहीतरी विचारलं. रंगूबाईंनी मान हलवली. मग त्यांनी तिचा चेहरा दोन्ही हातांत घेतला.

वर, सातआठ पायऱ्यांवर, एक बाई उभी होती. काळा चष्मा, हातात गाडी लावल्याची पावती. ती खाली येत नव्हती आणि परतही फिरत नव्हती. मुलगी सोंग कशाचं करत होती, ते तिला आता कळलं होतं.

रंगूबाईंनीही तिला पाहिलं. हाक मारली नाही. त्या पाण्याकडे वळल्या आणि नातीच्या डोक्यावर शिंपडायला ओंजळभर पाणी घ्यावं म्हणून खाली वाकल्या.

“आई!” वरून आवाज आला, चार वर्षांचा गंज चढलेला. “वाकू नकोस तिथं. शेवाळ आहे. पडशील.”

रंगूबाई तशाच वाकून राहिल्या. मागं न बघता त्यांनी एक हात वर केला.

“मंग धर की.”

हर्षालीनं चष्मा काढला. मग ती भराभर पायऱ्या उतरायला लागली.